पाच लाखांचं कार्ड आणि पाच गोळ्यांची पट्टी

मिरजेचा केमिस्ट (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी शटर वर करतोय तोच एक मावशी आल्या. साठीच्या पुढच्या, कवठेमहांकाळच्या बाजूने पहिल्या एसटीने आलेल्या. पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून दिली. रक्तदाबाची एक गोळी, साखरेच्या दोन, महिनाभरासाठी. मी पट्ट्या काढायला वळलो तशा म्हणाल्या, "दादा, सगळ्या पाच-पाचच द्या." पट्टी कापताना मुदत संपायची तारीख कुठल्या तुकड्यावर राहते ते बघून कापावी लागते. हात आता सरावलाय, इतक्या पट्ट्या मी रोज कापतो. पैसे देताना त्यांच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातलं आयुष्मानचं कार्ड बाहेर आलं. "ह्याच्यावर मिळतंय का बगा की."

नाही मिळत. हे मी त्या काउंटरवरून आजवर किती जणांना सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही.

आरोग्यव्यवस्था सुधारायची म्हटलं की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती कार्डापासून. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आली, पुढे राज्यभर झाली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा फुले जनआरोग्य योजना झालं. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. २०२३ मध्ये राज्याने फुले योजनेचं दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर नेऊन रेशनकार्डाचा पिवळं, केशरी, पांढरं असा भेद काढायचं ठरवलं. २०२४ मध्ये सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान. ही कामं मोठी आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण हे सगळं खाटेवर झोपल्यावरचं आहे. आयुष्मानमध्ये घरी सोडल्यानंतरची औषधं पंधरा दिवसांपर्यंतची. सोळाव्या दिवशी माणूस माझ्या काउंटरवर उभा असतो.

आणि रक्तदाबाची गोळी चार दिवस घ्यायची, दहा दिवस सोडायची असं वर्षभर चाललं की काय होतं ते मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. एक दिवस तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, गाडी करून माणसाला इथं आणतात. मग कार्ड चालतं. हजारोंचं बिल सरकार भरतं. ज्या गोळीने ते टळलं असतं तिची दहाची पट्टी जेनेरिकमध्ये काही रुपयांत येते.

केंद्राचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात की देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण राहिलेल्या पैशातला मोठा भाग औषधांचा आहे, आणि तो माझ्यासारख्याच्या गल्ल्यात येतो. माझं पोट त्यावर आहे, तरी लिहितोय.

सुधारणा कुठून सुरू व्हावी असं तुम्हाला वाटतं? कार्ड आणखी मोठं करून, की गोळी घराजवळ नेऊन? अनुभव लिहा. पक्षांच्या भांडणात धागा जाऊ देऊ नका, एवढीच विनंती.

बेदाणा

तासगाव तालुका. केमिस्टदादा, तुमची तळमळ कळते, पण कार्डाला कमी लेखताय असं वाटतंच.

आमच्या आजोबांचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा योजना नव्हती. अर्धा एकर द्राक्षबाग गेली. बाग विकणं म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा, नुसती जमीन जात नाही, चार वर्षं जोपासलेल्या वेली जातात. वडिलांना २०१९ मध्ये त्याच कारणाने मिरजेला नेलं. रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड बघितलं, आधार बघितला, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली, अँजिओप्लास्टी झाली. घरी येताना आम्ही फक्त गाडीभाडं दिलं.

त्यात आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० वर आला. त्याआधी त्याच्या कितीतरी पट घेत होते. कार्ड आणि किमतीवरचा लगाम दोन्ही एकत्र आलं म्हणून आमची बाग राहिली. तेव्हा सुधारणा वरून झाली तर ती खोटी, असं म्हणू नका.

मिरजेचा केमिस्ट

बेदाणा, तुमचं म्हणणं मान्य, आणि बाग राहिली याचा आनंद वाटला. मी कार्ड काढून घ्या म्हणत नाही. वडील आता गोळ्या घेतात ना? रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची, दाबाची? त्या कोण भरतं?

बेदाणा

आम्हीच. महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातात. बेदाण्याला भाव असला तर जाणवत नाही. नसला की जाणवतं.

घाटमाथ्यावरचा डॉक्टर

खानापूर तालुक्यात पंधरा खाटांचं नर्सिंग होम चालवतो, मी आणि पत्नी दोघेच. इथं बहुतेक जण रुग्णाच्या बाजूने लिहितील, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रागवा, पण वाचा.

योजनेतलं पॅकेज ठरवताना शहरातलं दोनशे खाटांचं रुग्णालय डोळ्यांसमोर असतं. तिथं एका भुलतज्ज्ञाच्या दिवसात आठ शस्त्रक्रिया बसतात. माझ्याकडे तो विट्याला एका केससाठी येतो आणि त्याची फी मला त्याच दिवशी द्यावी लागते. क्लेमचे पैसे मात्र महिन्यांनी येतात, त्यातही एखादा कागद कमी म्हणून कपात. मी दोन वर्षं प्रयत्न केला आणि बाहेर पडलो. माझ्या ओळखीतली अशी तीन छोटी रुग्णालयं बंद झाली, डॉक्टर मोठ्या रुग्णालयात पगारावर गेले. मग तालुक्यातल्या बाळंतिणीने रात्री दोन वाजता कुठं जायचं? साठ किलोमीटर सांगलीला?

राजस्थानात २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा झाला, देशातला पहिला. तातडीचे उपचार पैसे न मागता द्या. तत्त्व म्हणून मला मान्य आहे, पैशासाठी मी कधी दारातून परत पाठवलेलं नाही. पण नंतर ते पैसे कोण, किती दिवसांत देणार, हे स्पष्ट नव्हतं. म्हणून तिथले डॉक्टर दोन आठवडे संपावर गेले आणि शेवटी पन्नास खाटांच्या आतली खासगी रुग्णालयं वगळायची तडजोड झाली. हक्क कागदावर लिहायचा आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून काढायचा, ही सुधारणा नव्हे.

औषधांबद्दल केमिस्टसाहेबांशी सहमत. पण त्यांनीही सांगावं, मी ब्रँडऐवजी रेणूचं, म्हणजे औषधाचं मूळ नाव लिहिलं तर माणसाच्या हातात काय पडतं?

मिरजेचा केमिस्ट

डॉक्टरसाहेब, प्रश्न योग्य आहे, सरळ उत्तर देतो.

तुम्ही ब्रँडचं नाव लिहिलं तर मला कायद्याने तोच ब्रँड द्यावा लागतो, त्याच औषधाचा स्वस्त पर्याय शेल्फवर असला तरी मी तो आपणहून देऊ शकत नाही. तुम्ही फक्त औषधाचं मूळ नाव लिहिलं तर निवड माझ्याकडे येते. आणि ज्या मालावर छापील किंमत जास्त आणि माझी खरेदी कमी, तो द्यायचा मोह दुकानदाराला होतो. कित्येकदा 'जेनेरिक' म्हणून विकलेल्या पट्टीवर छापील किंमत ब्रँडएवढीच असते आणि मधला फरक दुकानात राहतो. हे आमच्या धंद्यात चालतं. जनऔषधी केंद्रात ते होत नाही कारण तिथं किंमतच कमी छापलेली असते. पण त्या केंद्रात तीन औषधं लिहिलेली असतील तर तिन्ही त्या दिवशी मिळतील याची खात्री नसते, आणि तालुक्याच्या गावाबाहेर केंद्र शोधावं लागतं.

म्हणून माझं मत असं झालंय की दुकान, मग ते माझं असो की जनऔषधीचं, हा या प्रश्नाचा शेवटचा उपाय नाही. रोजची गोळी ही सरकारी दवाखान्यातून फुकट आणि न चुकता मिळायची गोष्ट आहे.

पूर्वभाग

जत तालुका, कर्नाटकच्या हद्दीजवळचं गाव. २०२२ ला आमच्या गावांचं नाव सगळ्या टीव्हीवर आलं होतं, कर्नाटकात जाणार का म्हणून. तवा पाण्यावरनं सगळी बोलत होती. दवाखान्यावरनं कुणी इचारलं न्हाई.

आईला शुगर आणि बीपी. उपकेंद्र दोन किलोमीटरवर, आरोग्य केंद्र चौदा. केंद्रात गोळ्या फुकट, केसपेपरला बी पैसे न्हाईत आता. खोटं कशाला बोलू. पण एका वेळी दहा दिवसाच्या देत्यात. दहा दिवसानं परत जायचं. आईला एकटीला जाता येत न्हाई, माझा रोजगार बुडतो. पाचशे रुपयांचा रोजगार बुडवून वीस रुपयांच्या गोळ्या आणायच्या. आणि गेल्यावर "शुगरची आली न्हाई, बीपीची घिऊन जावा." मग शुगरची बाहेरनं.

मिरज आमच्यापासनं शंभराच्या घरात किलोमीटर. तिथं जावं असा आजार झाला तर कार्ड हाय. तवर काय करायचं त्ये सांगा. आमच्यातली निम्मी माणसं अथणीला न्हाईतर विजापूरला जात्यात, जवळ पडतं म्हणून. आम्ही जातो त्या दवाखान्यात आमचं रेशनकार्ड दाखवून फुले योजना चालत न्हाई.

साठीचे मास्तर

पूर्वभाग यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. जुन्या गोष्टीची आठवण करून देतो.

स्वातंत्र्याच्या आधी, १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचं पायाभूत तत्त्व होतं. आणि दवाखाना लोकांच्या घराच्या जितका जवळ तितका बरा, हेही. लांब पल्ल्याच्या योजनेत त्यांनी दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचं रुग्णालय मागितलं होतं. आज आपला निकष सपाट भागात तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी भागात वीस हजारांमागे. तिथं खाटा सहा. जतसारख्या विरळ वस्तीच्या तालुक्यात तीस हजार माणसं मोजता मोजता वीस-वीस किलोमीटरचा पट्टा होतो. लोकसंख्येचा निकष कागदावर सारखा दिसतो, पण अंतराने तो अन्यायाचा होतो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं लिहिलंय. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या काळातसुद्धा, केंद्र आणि राज्यं मिळून तो १.८४ टक्के होता.

आणखी एक. आमच्या मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणतात, त्याचं मूळ १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात आहे. रेल्वे जंक्शन म्हणून माणूस लांबून यायचा. त्या यशाचाच एक परिणाम असा झाला की जिल्ह्याचं सगळं वैद्यक मिरज-सांगलीच्या दहा किलोमीटरात गोळा झालं. १९६२ चं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तिथंच. जत, आटपाडी, शिराळा तिथून तेवढेच लांब राहिले.

आशाताई

मी शिराळा तालुक्यात आशा आहे, बारा वर्षं झाली. इथं पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

हजार लोकांमागे एक आशा असते. माझ्याकडे वाडी-वस्ती धरून जास्त आहेत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा, बीपी-शुगरच्या तपासणीला उपकेंद्रात आणायचं, ते मोबाईलवर चढवायचं. मी लोकांना दारात जाऊन सांगते, "काका, तुमचा दाब वाढलाय, गोळी सोडू नका." काका म्हणतात, "दे मग गोळी." माझ्या पिशवीत ताप आल्यावरची गोळी, ओआरएस, लोहाच्या गोळ्या, निरोध, सगळं असतं. दाबाची गोळी नसते. ती आरोग्य केंद्रातून किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून घ्यायची. मॅडम चांगल्या आहेत, पण महिन्यातले कितीतरी दिवस त्या मीटिंगला, शिबिराला, नाहीतर ऑनलाइन नोंदीत. आजार शोधायचं काम माझ्यावर, आणि शोधून झाल्यावर द्यायला हातात काही नाही. लोकांपुढं मान खाली जाते हो.

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही संप केला, परत जानेवारीत केला. २०२४ मध्ये राज्याने महिन्याला पाच हजार वाढवले. त्याने घर थोडं सावरलं. पण आम्ही अजून स्वयंसेविकाच, कर्मचारी नाही. सुधारणेवर बोलताना हे पण धरा.

विश्रामबागकर

सगळे भावनेने लिहिताय, हिशोब कुणी लिहीत नाही.

मी नोकरदार, कर भरतो. आई-वडिलांचा मेडिक्लेम स्वतः भरतो. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत त्यावर अठरा टक्के जीएसटी पण भरला, आता तो माफ झाला. २०२४ मध्ये विमा नियामकाने नियम बदलले, पासष्टीच्या पुढच्यांनाही पॉलिसी मिळू शकते, आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. माझ्या मते ही खरी सुधारणा. ज्याला परवडतं त्याने विमा घ्यावा, ज्याला नाही त्याचा हप्ता सरकारने भरावा, सेवा खासगीने द्यावी. सरकारी दवाखान्यात पैसा ओतून काय होतं ते पूर्वभाग यांनीच लिहिलंय: "आली न्हाई, घिऊन जावा." सरकारला चालवता येत नाही ते सरकारने चालवू नये.

मिरजेचा केमिस्ट

विश्रामबागकर, तुमच्या मेडिक्लेममध्ये वडिलांच्या रोजच्या गोळ्या बसतात का?

विश्रामबागकर

नाही. ओपीडीची पॉलिसी वेगळी मिळते, महाग आहे.

मिरजेचा केमिस्ट

का महाग, ते बघा ना. विमा चालतो तो क्वचित येणाऱ्या मोठ्या संकटावर. शंभर जणांनी भरायचं, दोघांच्या घराला आग लागली तर त्यांना द्यायचं. साखरेची गोळी हे रोजचं जेवण आहे, शंभरच्या शंभर जणांना लागणार. त्यावर विमा काढला की हप्ता गोळीच्या किमतीपेक्षा जास्तच होणार, वर कंपनीचा खर्च. म्हणून जगात कित्येक ठिकाणी हे करातून सुटलंय.

एव्हनकाठची सांगलीकर

माहेर सांगली, गावभाग. गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये नर्स आहे, ब्रिस्टलजवळ. वरच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं.

इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. ती उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन हे वेल्समधल्या ट्रेडेगर नावाच्या खाणकामगारांच्या गावचे. त्या गावात कामगारांनी पगारातून वर्गणी काढून स्वतःची वैद्यकीय सोसायटी चालवली होती, डॉक्टर आणि दवाखाना तिचा. तोच नमुना बेव्हननी देशाला लावला. आपल्या साखर कारखान्याच्या भागातल्या माणसाला हे लगेच कळेल.

इथं सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. ठरवून करायच्या उपचारांची प्रतीक्षायादी २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये सत्तर लाखांच्या वर होती. गुडघा बदलायला माणसं वर्ष वर्ष थांबतात. आमच्या वॉर्डात बरा झालेला म्हातारा माणूस घरी बघायला कुणी नाही म्हणून खाट अडवून राहतो, आणि खाली इमर्जन्सीत लोक कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर झोपलेले. मी हे रोज बघते आणि घरी आल्यावर जेवण जात नाही. त्यामुळे विश्रामबागकरांचं एवढं खरं, सरकारी म्हणजे आपोआप चांगलं असं मुळीच नाही.

पण मधुमेहाची औषधं चालू असलेल्या माणसाला इथं औषधाचे पैसे पडत नाहीत. साठीच्या पुढच्या कुणालाच पडत नाहीत. बाकीच्यांना इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ठराविक रक्कम आहे, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये तीही नाही. पट्टी कापून मागणारा माणूस मी इथं पाहिलेला नाही. प्रत्येकाचा एक जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, त्याच्या नावावर नोंद, त्यातून चिठ्ठी जवळच्या केमिस्टकडे आपोआप जाते. आणि २०२५ च्या जुलैत सरकारने जी दहा वर्षांची योजना आणली तिचा पहिला मुद्दा काय, तर रुग्णालयातून काम वस्तीकडे न्यायचं. पंचाहत्तरी ओलांडलेली व्यवस्था आत्ता परत त्याच दिशेला वळतेय. आपण तर अजून वस्तीत पुरते पोचलेलोच नाही.

गलाईवाला

मूळ आटपाडी तालुका, सध्या तमिळनाडूत, सेलमजवळ. सोनं-चांदी गाळायचा धंदा. आमच्या भागातली निम्मी पोरं देशभर याच धंद्यात आहेत, त्यामुळे चार राज्यांतले दवाखाने बघितलेत.

इथं २०२१ पासून सरकारी बाई घरोघर येते. शेजारच्या म्हातारीचा दाब बघते, साखर बघते आणि गोळ्या तिथंच हातात देते. योजनेचं नाव मक्कळै तेडी मरुत्तुवम, म्हणजे लोकांना शोधत येणारं वैद्यक. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरं वाटेना. आईला फोन करून सांगितलं.

मग चौकशी केली की यांच्याकडे गोळी संपत कशी नाही. तर यांनी १९९४ मध्येच औषध खरेदीचं वेगळं महामंडळ काढलं. खरेदी एका ठिकाणी, प्रयोगशाळेत तपासूनच वाटप, जिल्ह्याला गोदाम, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक. वर्षाला तुमच्या नावावर एवढ्या रकमेची औषधं, लागतील तशी उचला, पासबुकात वजा. डॉक्टरला कुणापुढं हात पसरायला लागत नाही. राजस्थानने पण २०११ ला असंच सुरू केलं. आपल्या महाराष्ट्राने आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे खरेदी दिली, मग २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण केलं. तमिळनाडूच्या जवळजवळ तीस वर्षं नंतर. आता केलंय तर गोदामापासून उपकेंद्रापर्यंत माल जाईल हे बघायला पाहिजे, नुसती निविदा काढून काय होतंय?

घाटमाथ्यावरचा डॉक्टर

गलाईवाला, माहितीबद्दल आभार. पासबुकाची पद्धत मी ऐकून होतो, इतकी सोपी असेल असं वाटलं नव्हतं.

एक डॉक्टर म्हणून शंका: घरी येणारी बाई गोळी देते, पण डोस बदलायचा कधी, मूत्रपिंड तपासायचं कधी, ते कोण ठरवतं? गोळीवाटप म्हणजे उपचार नव्हे. माझ्याकडे अशी माणसं येतात, पाच वर्षं तीच गोळी चालू, दाब मात्र एकशे ऐंशी.

कोयनाकाठ

डॉक्टरसाहेबांच्या शंकेला माझ्या नोकरीतला अनुभव उत्तर देईल असं वाटतं. मी सातारा जिल्हा परिषदेतून आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. शेवटची वर्षं पाटण तालुक्यात.

२०१७ च्या शेवटी देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. पाच राज्यांतले पंचवीस जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले चार: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा. आम्ही त्यात होतो. पद्धत फार साधी. राज्यासाठी औषधांचा एकच क्रम ठरवलेला. पहिल्या पायरीला ही गोळी, महिन्याने दाब उतरला नाही तर ही वाढवा, तरी नाही तर तिसरी. ज्या दोन-तीन गोळ्या लागणार त्याच भरपूर मागवायच्या, वीस प्रकार नकोत. रुग्णाला एक कार्ड, एक दवाखान्यात. गोळ्या एकदम तीस दिवसांच्या. दाब स्थिर असलेल्याला पुढची खेप घराजवळच्या उपकेंद्रातून. आणि महिन्याच्या शेवटी वहीत बघायचं, कोण आलं नाही. त्याला फोन, नाहीतर आशा दारात.

आधी आमच्याकडे पण दहा-दहा दिवसांच्याच गोळ्या देत. कारण विचाराल तर, "जास्त दिल्या तर साठा संपेल." म्हणजे माणसाला तीनदा बोलवायचं आणि तो दोनदा येणारच नाही, यावर साठा पुरवायचा! मी स्वतः तसं केलंय, वर्षानुवर्षं. तीस दिवसांच्या द्यायला लागलो तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत साठ्याची ओढाताण झाली, मग मागणीचा आकडाच खरा जायला लागला आणि पुरवठाही वाढला. खोटी कमी मागणी आम्हीच वर पाठवत होतो. पाटणच्या डोंगरातली माणसं, धनगरवाड्यावरची, महिन्याला यायला लागली कारण महिन्यातून एकदाच यायचं होतं. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. ज्या सिस्टरांनी वह्या भरल्या त्यांची नावं कुठं आली नाहीत, म्हणून इथं एवढं लांबण लावलं.

पुढं तो सगळीकडे वाढवला. पण कागदावर जिल्हा जोडणं आणि तीस दिवसांच्या गोळ्या हातात पडणं यात अंतर आहे.

घाटमाथ्यावरचा डॉक्टर

कोयनाकाठ, हे मला पटतं. ठरलेला क्रम, दर महिन्याला दाबाची नोंद आणि न आलेल्याचा पाठपुरावा असेल तर माझी हरकत नाही. उलट माझ्यासारख्या खासगी डॉक्टरलाही त्यात घ्या. माझा रुग्ण माझ्याकडे तपासून घेईल, गोळी उपकेंद्रातून नेईल. आज मी चिठ्ठी लिहिली तर सरकारी दवाखाना पुन्हा केसपेपर काढायला लावतो. क्लेमच्या पैशांबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

बेदाणा

वडिलांसाठी उद्याच उपकेंद्रात विचारतो. खरं सांगायचं तर तिथं या गोळ्या मिळत असतील हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही अँजिओप्लास्टीला सरकारकडे गेलो आणि गोळीला दुकानात.

विश्रामबागकर

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण पासबुक आणि तीस दिवसांचा मुद्दा नोंदवून ठेवला. हा खर्च कराच्या पैशातून होणार असेल तर माझी तक्रार नाही. दर महिन्याला कुठल्या केंद्रात किती साठा होता ते मात्र दारावर फळ्यावर लिहा, म्हणजे पैसा कुठं गेला ते दिसेल.

मिरजेचा केमिस्ट

फळ्याची सूचना फार चांगली. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे थोडाफार मुक्त निधीही असतो. ग्रामपंचायतीची माणसं तिच्यात असतात. फळ्याला आणि दोन डबे रंगाला तेवढे पैसे पुरतात.

मी एक पत्राचा मसुदा लिहायला घेतलाय, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावाने. मागण्या दोनच. दाब आणि साखर स्थिर असलेल्यांना उपकेंद्रातूनच तीस दिवसांच्या गोळ्या, आणि साठ्याचा फळा. कोयनाकाठ, तुमच्याकडे औषध मागणीचा नमुना असेल तर पाठवा, तो जोडला तर पत्राला वजन येईल. आशाताई, मसुदा तुमच्या नजरेखालून घालायचाय, तुमच्या कामात भर पडेल असं काही त्यात जायला नको. गावच्या ग्रामसभेत ज्यांना तो मांडता येईल त्यांनी इथं हात वर करा.

त्या मावशींच्या पाच गोळ्या एव्हाना संपल्याही असतील. त्यांच्या गावचं नाव मी विचारलं नाही, हे आठवडाभर डोक्यात आहे.

पूर्वभाग

आमची ग्रामसभा पुढच्या महिन्यात हाय. मी मांडतो. पत्र मराठीत आणि कन्नडमधी दोन्ही करा, आमच्यातली म्हातारी माणसं कन्नडच वाचत्यात.

दुसरं, आईची शुगरची गोळी परवा संपत्या. सोमवारी उपकेंद्रात मिळंल का, एवढं कुणाला कळलं तर सांगा. मिळणार नसंल तर रोजगार बुडवून जात न्हाई, बाहेरनं घेतो.

आशाताई

दादा, उपकेंद्राचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जतच्या आमच्या गटप्रवर्तक ताईंचा नंबर आहे माझ्याकडे, संपात ओळख झाली. मी आत्ताच फोन लावते आणि रात्रीपर्यंत इथं लिहिते.